वाचकांचे प्रश्न : मुलांना ‘राष्ट्रीय’ वळण लावायचे म्हणजे काय?

प्रश्न : आदरणीय गुरुजी, आमचे घर हिंगणघाट तालुक्यातल्या एका लहान गावात असून आम्ही कास्तकार आहोत. आमचा मुलगा सातवीत शिकतो. मागच्या दिवाळीपासून तो रोज सायंकाळी गावाच्या आखरावर भरणाऱ्या मुलांच्या वर्गाला जातो. तिथे खेळ होतात, गाणी होतात, इतिहासातल्या गोष्टी सांगतात. तो आता पहाटे स्वतःहून उठतो, मोबाईल कमी पाहतो, त्यामुळे आम्हाला बरे वाटत होते. परंतु पोळ्याच्या सुमारास त्याने नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या आपल्या जुन्या मित्राला घरी आणणे बंद केले आणि विचारले तेव्हा ‘ते आपल्यातले नाहीत’ असे उत्तर दिले. माझे सासरे चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते लहानपणी सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत होते. ते म्हणतात की आम्हीही राष्ट्रीय शाळेतच शिकलो, पण आम्हाला सूत कातायला आणि संडास साफ करायला शिकवले, कोण आपला आणि कोण परका हे शिकवले नाही. राष्ट्रीय शिक्षण म्हणजे नेमके काय होते? आणि मुलाला आम्ही थांबवावे का?
— एक माता, जिल्हा वर्धा

उत्तर : ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याची निकड जास्त आहे. मुलाला एकदम थांबवू नका. बारा वर्षांच्या मुलाला मैदान हवे असते, बरोबरीचे सवंगडी हवे असतात, आणि आपण कुठल्या तरी मोठ्या कामाचे भागीदार आहोत असे वाटण्याची त्याला फार भूक असते. ती भूक घरी भागत नसताना बाहेरचे दार बंद केले, तर तो लपून जाऊ लागेल आणि तिथे जे काही ऐकेल ते तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही. मात्र मित्राविषयीचे त्याचे वाक्य तुम्ही ऐकून सोडून दिले असेल, तर तसे पुन्हा करू नका. त्या वाक्याबद्दल घरात, जेवणाच्या पाटावर, त्याच्या आजोबांच्या समक्ष बोलणे झाले पाहिजे.

आता ‘राष्ट्रीय शिक्षण’ या शब्दाविषयी. आपल्याकडे तो घोषणेच्या रूपाने रूढ झाला १९०६च्या कलकत्ता काँग्रेसपासून. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण अशी ती चतुःसूत्री होती. त्याआधीच, १८८० साली, चिपळूणकर, टिळक, आगरकर आणि नामजोशी यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले होते. सरकारी शाळा कारकून तयार करतात, मुलाला आपल्या भाषेची आणि पूर्वजांची लाज वाटायला लावतात, असे या मंडळींचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय सरकारने १९१० साली बंद पाडले, यावरून इंग्रज अशा शाळांना किती बिचकत होते ते कळते. आपल्या विदर्भातही हे वारे जोरात होते. नागपूरच्या एका शाळेतून ‘वंदे मातरम्’च्या घोषणेपायी काढून टाकलेला एक विद्यार्थी पुढे यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत शिकायला गेला. त्याचे नाव केशव बळीराम हेडगेवार. त्यांनीच १९२५ च्या विजयादशमीला नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापना केली.

परंतु या कथेला दुसरी बाजू आहे, आणि आपल्यासारख्या कास्तकारांच्या मुलांना ती क्वचितच सांगितली जाते. काँग्रेसच्या त्या ठरावाच्या चोवीस वर्षे आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी त्यात स्पष्ट मांडले आणि किमान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, ते पुढच्या वर्षी १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. राष्ट्रीय शिक्षणाच्या बहुतेक पुरस्कर्त्यांचे लक्ष ‘वर्गात काय शिकवावे’ याकडे होते, तर फुल्यांचे लक्ष ‘वर्गात कोण बसले आहे’ याकडे होते. मला हा फरक सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या वर्गात शेतमजुराचा मुलगा आणि तांड्यावरची मुलगी बसलेलीच नाही, त्या वर्गात कितीही तेजस्वी इतिहास शिकवला तरी त्याला राष्ट्रीय म्हणताना माझी जीभ अडखळते.

तुमच्या सासऱ्यांच्या शाळेचा उगम या प्रश्नातच आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, आणि हातांनी करायच्या एखाद्या उत्पादक उद्योगाच्या अवतीभोवती गुंफलेले सर्व विषय, असे तिचे सूत्र ठरले. यालाच नई तालीम किंवा बुनियादी शिक्षण म्हणतात. त्याचा तपशील तयार करण्यासाठी जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. त्या समितीच्या वेळापत्रकात साडेपाच तासांच्या शाळेपैकी तीन तास वीस मिनिटे मूळ उद्योगासाठी राखलेली होती. टकळीवर सूत कातता कातता मुलाने धाग्याची लांबी मोजावी म्हणजे गणित, कापसाला कोणती जमीन आणि किती पाऊस लागतो हे पाहावे म्हणजे भूगोल, आणि आपला कापूस मँचेस्टरला जाऊन कापड होऊन परत का येत होता हे विचारावे म्हणजे इतिहास. पऱ्हाटीच्या वावरात वाढलेल्या मुलाला हे शिक्षण परके वाटण्याचे कारण नव्हते. आणि सफाईचे काम सर्वांनी करायचे, हा त्यातला सर्वांत कठीण धडा होता, कारण शेकडो वर्षे ते काम एका जातीच्या माथी मारून बाकीचे गाव मोकळे राहिले होते.

ही योजना निर्दोष होती असे मी म्हणणार नाही. मुलांच्या हातच्या वस्तू विकून शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेला अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी त्या परिषदेतच विरोध केला होता, आणि आर्थिक बाजूच्या नादात शिक्षणाचा हेतू मागे पडण्याचा धोका झाकीर हुसेन समितीच्या अहवालानेही नोंदवला होता. त्याच सुमारास आपल्या मध्यप्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारने ग्रामीण शाळांसाठी ‘विद्या मंदिर’ योजना आणली, तेव्हा ‘मंदिर’ या नावाला मुसलमान समाजातून आक्षेप आला आणि मुस्लिम लीगने त्याचा मोठा राजकीय प्रश्न केला. राष्ट्राच्या नावाने घर बांधताना दारावरच्या पाटीनेही कोणाला बाहेर ठेवल्यासारखे वाटू शकते, हे त्या वादातून शिकण्यासारखे होते. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शाळा खेड्यांपुरत्या उरल्या, शहरांतल्या शाळा जुन्या वळणाने चालत राहिल्या, टकळी हा सोपस्कार झाला, आणि आपली मुले दुय्यम दर्जाचे शिक्षण घेत आहेत असे खेड्यातल्या आईबापांनाच वाटू लागले. त्यात त्यांची चूक नव्हती. सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा २००५ पासून पुन्हा त्या विचाराने चालते. जवळच आहे, तेव्हा सासऱ्यांना आणि नातवाला घेऊन एकदा जाऊन या.

नागपूर ते वर्धा हे अंतर पंच्याहत्तर-ऐंशी किलोमीटर. एवढ्या टापूत बारा वर्षांच्या अंतराने मुलांना घडवण्याच्या दोन फार वेगळ्या कल्पना उभ्या राहिल्या. संघाच्या शाखेत रोज तासभर खेळ, कवायत, गीत, बौद्धिक आणि प्रार्थना असते, आणि हिंदू समाजाचे संघटन हेच राष्ट्रकार्य, ही तिची उघड भूमिका आहे. १९४१ साली एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलानेही मैदान, झेंडा, गाणी आणि गोष्टी हीच साधने वापरली, पण त्याच्या राष्ट्रात सर्व धर्म-जातींचा समावेश होता. त्याआधी नागपूरचे हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे १९३१ साली इटलीला गेले, मुसोलिनीला भेटले, तिथल्या ‘बालिला’ या मुलांच्या निमलष्करी संघटनेची शिस्त पाहून प्रभावित झाले, आणि १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू झाले. आखरावरचा खेळ पाहून तुम्हाला या सगळ्यांतला फरक कळणार नाही, कारण बाहेरून सर्व सारखेच दिसते. खेळ संपल्यावर मुले गोल करून बसतात तेव्हा जी गोष्ट सांगितली जाते, तिच्यात ‘आपण’ या शब्दात कोण कोण बसते, हे ऐकावे लागते.

शिस्त वाईट असते असे माझे मुळीच म्हणणे नाही. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून विदर्भातल्या किती तरी पिढ्यांना सुदृढ केले, आणि त्याच्या पथकाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखवली, याचा मला अभिमान आहे. पण त्याच वर्षी, त्याच देशात, डिसेंबर महिन्यात कायदा होऊन सर्व जर्मन मुलांचे संगोपन घर आणि शाळेखेरीज ‘हिटलर युवक’ या संघटनेकडे सोपवण्यात आले, आणि मार्च १९३९ मध्ये तिचे सदस्यत्व सक्तीचे झाले. दहाव्या वर्षी मूल तिच्यात दाखल होई. तिथल्या गणिताच्या पुस्तकांत मनोरुग्ण आणि अपंग माणसांच्या देखभालीवर सरकारचा किती पैसा जातो, तेवढ्यात किती कुटुंबांची घरे झाली असती, अशी उदाहरणे मुलांना सोडवायला दिली जात. मी छत्तीस वर्षे गणित शिकवले, आणि हे प्रथम वाचले तेव्हा हातातले पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. बेरीज-वजाबाकी बरोबर होती. माणूस तेवढा खर्चाच्या खात्यात टाकला होता. जपानमध्येही १८९० च्या सम्राटाच्या शिक्षणविषयक आज्ञापत्रापुढे शाळेतली मुले माना झुकवत असत. युद्धातल्या पराभवानंतर, १९४८ साली, तिथल्या संसदेनेच ते आज्ञापत्र रद्दबातल ठरवले.

याच्या उलट डेन्मार्कचे उदाहरण मला नेहमी आठवते, कारण तो शेतकऱ्यांचा देश होता. ग्रुंडविग नावाच्या धर्मोपदेशकाच्या विचारांतून १८४४ साली रेडिंग या गावी पहिली लोकशाळा निघाली. १८६४च्या युद्धात जर्मनांकडून हरून डेन्मार्कने मोठा मुलूख गमावला आणि त्यानंतर या शाळा गावोगाव पसरल्या. त्याही राष्ट्रीयच होत्या, तिथेही मातृभाषेतली गाणी आणि देशाचा इतिहास होता. पण परीक्षा नव्हती, आणि मुख्य म्हणजे तिथे जाणारे विद्यार्थी अठरा वर्षांच्या पुढचे, स्वतःच्या मर्जीने आलेले, शेतावर राबणारे तरुण होते. त्यांच्यातल्याच शेतकऱ्यांनी पुढे सहकारी दूधसंघ उभे केले आणि देशाचे लोणी परदेशात नावाजले गेले. सोयाबीनचा भाव पडला की आपण दरवर्षी हताश होतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो. देशाभिमानाने आपल्या गावात कोणती उभारणी केली, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

ताई, एक गोष्ट स्वतःची सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावच्या शाळेत प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीची जबाबदारी माझ्याकडे होती. बेड्यावरची तीन पारधी मुले गणवेशावाचून आली, तेव्हा रांग नीट दिसावी म्हणून मी त्यांना सर्वांत मागे, पाहुण्यांच्या नजरेआड उभे केले. त्यांच्यातला एक मुलगा हातात घरून केलेला कागदाचा झेंडा घेऊन आला होता. पुढच्या आठवड्यापासून ती तिन्ही मुले शाळेत आली नाहीत. मी बेड्यावर जाऊन आलो, माफीही मागितली, पण दोनच परत आली. रांग सरळ होती एवढेच त्या दिवशी मी साधले होते. कोणत्याही मैदानावर मुलांची सुरेख रांग पाहिली की आजही माझी नजर आधी मागच्या टोकाला जाते.

तेव्हा तुम्ही आणि मुलाचे वडील एक-दोन सायंकाळी आखरावर जाऊन बाजूला बसा. जे लोक मुलांना चांगले शिकवतात त्यांना आईबापांच्या बसण्याची अडचण होत नाही. नाल्यापलीकडची मुले तिथे येतात का, आली तर कुठे बसतात, मुलाने ‘असे का?’ विचारले तर त्याला उत्तर मिळते की गप्प केले जाते, हे पाहा. परत आल्यावर मुलाला दरडावू नका. त्याच्या मित्राला तुम्हीच जेवायला बोलवा, आणि दोघांना आजोबांच्या खाटेजवळ बसवून टकळी हातात द्या. आजोबांची बोटे थरथरत असतील, पण धागा कसा काढायचा हे ती विसरलेली नसतील. त्या वर्गात द्वेषच शिकवला जातो असे तुमच्या दोघांच्या कानांनी ऐकले, तर मात्र मुलाला कारण सांगून तिथून काढा, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्यासाठी दुसरे मैदान शोधा.

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. आमच्या शाळेतला चौथीचा एक मुलगा राष्ट्रगीताच्या वेळी ताठ उभा राहतो, परंतु धार्मिक श्रद्धेमुळे गात नाही. गावातील काही तरुण त्याला शाळेतून काढा असा आग्रह धरत आहेत. मी काय करावे?
— एक शिक्षिका

उत्तर : बाई, त्या मुलाला शाळेतून काढता येणार नाही, आणि काढूही नये. केरळमधल्या तीन भावंडांचा असाच खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ती मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत, म्हणून त्यांना शाळेने काढले होते. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. राष्ट्रगीत गाण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा नाही आणि आदराने उभे राहणे हा अवमान नाही, असे त्या निकालात आहे. शिवाय संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हेही त्या तरुणांना एकदा शांतपणे वाचून दाखवा.

आणखी एक सुचवतो. पाठ्यपुस्तकाच्या आरंभी छापलेली प्रतिज्ञा आपण रोज म्हणतो. ती मुळात १९६२ साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी तेलुगूत लिहिली. तिच्यात ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ असे वचन आपण देतो. ग्रामसभेत हा विषय निघाला, तर त्या तरुणांपैकी एखाद्यालाच ती पूर्ण वाचायला सांगा. ते आपलेच जुने विद्यार्थी असतील, तेव्हा त्यांच्याशी वैरभावाने न बोलता शिक्षिकेच्या अधिकाराने बोला. मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला निकालाची माहिती लेखी देऊन ठेवा, म्हणजे तुम्ही एकट्या पडणार नाही.

प्रश्न : मी वाशीम जिल्ह्यात अकरावीत शिकते. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ‘राष्ट्रनिर्मितीत मातेचे स्थान’ हा विषय आहे. सगळी भाषणे जिजाऊंपासून सुरू होतात आणि चांगल्या आईने चांगले पुत्र घडवावेत इथे संपतात. मुलीचे राष्ट्रकार्य आई होण्यापुरतेच असते का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटा, नसते. जिजाऊंविषयी आदर ठेवूनच हे म्हणता येते, कारण त्यांनी स्वतः पुण्याची जहागीर सांभाळली, केवळ पाळण्याची दोरी सांभाळली नाही.

राष्ट्रवादी चळवळींनी स्त्रीला मोठे स्थान दिले, पण बहुधा ते घराच्या चौकटीतले. वर्ध्यात १९३६ च्या विजयादशमीला लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. मातृत्व, कर्तृत्व आणि नेतृत्व असे तिचे आदर्श असून त्यांसाठी जिजाबाई, अहिल्याबाई आणि झाशीची राणी यांची नावे घेतली जातात. त्या काळी मुलींनी मैदानावर येऊन शारीरिक शिक्षण घेणे ही साधी गोष्ट नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तरीही तीन आदर्शांपैकी पहिल्याच नावाने बहुतेक भाषणे व्यापून टाकावीत, हे तू पाहतेच आहेस. मातृत्वाचा गौरव हे सरकारी धोरण झाले की काय होते, ते जर्मनीत दिसले : तिथे १९३८ साली मातांसाठी पदक निघाले, चार मुलांना कांस्य, सहांना रौप्य आणि आठांना सुवर्ण, आणि ज्यू मातांना त्यातून वगळले होते.

तुझे भाषण आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून सुरू कर. १९५१-५२च्या त्या निवडणुकीसाठी मतदारयाद्या तयार होत असताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद त्यांनी करू दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरवले, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. त्या सर्व कोणाच्या तरी माता होत्या, आणि त्यांना मत देता आले नाही. मग तुझ्या गावच्या मतदारयादीत तुझ्या आजीचे नाव कसे छापले आहे, ते आधी पाहून ये, आणि व्यासपीठावर ते पूर्ण नाव उच्चारून पुढे बोल.